कृत्रिम बियाणं: सोलापूरकरांनी विचारलेले प्रश्न

मागे एका कृषी प्रदर्शनात आमच्या प्रयोगशाळेला एक टेबल मिळालं होतं. त्यावर काचेच्या बरणीत पाणीदार, पारदर्शक मणी ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पोटात एक हिरवा ठिपका होता. हेच आमचं कृत्रिम बियाणं. दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न होता, "मॅडम, साबुदाणा कशाला भिजत घातलाय?" त्याच्या खालोखाल, "हे एकरी किती लागतं?" दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मणी खरंच भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, आणि 'बियाणं' म्हटल्यावर माणूस एकरी हिशेब विचारणारच.

मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि कॉलेजची छोटी टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवायची, खोली सांभाळते. प्रदर्शनातले, नंतर फोनवर आलेले आणि विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कृत्रिम बियाणं म्हणजे प्लास्टिकचं बी का?

नाही. हरभऱ्याचा दाणा रात्रभर भिजवा आणि सकाळी सोला. वरची साल निघते, आत दोन डाळिंब्या असतात आणि त्या जुळतात तिथे टोकाला एक इवलासा कोंब चिकटलेला दिसतो. झाड व्हायचं असतं ते त्या कोंबाला. डाळिंब्या ही त्याची शिदोरी, मूळ धरेपर्यंत पुरणारी. साल म्हणजे शिदोरी बांधलेलं फडकं.

कृत्रिम बियाण्यात कोंब खरा असतो, जिवंत असतो, फक्त तो फुलातून आलेला नसतो. प्रयोगशाळेत झाडाच्याच तुकड्यापासून वाढवलेला असतो. शिदोरी आपण बांधून देतो: साखर, क्षार, थोडी जीवनसत्त्वं, कधी मुळं फुटायला संप्रेरक. आणि फडक्याच्या जागी असते समुद्री शेवाळापासून काढलेली जेली. म्हणजे कृत्रिम आहे ते फडकं आणि शिदोरी. मला विचाराल तर या नावानंच निम्मा घोटाळा केला आहे. 'वेष्टनातला डोळा' म्हटलं असतं तर कोणी एकरी किती लागतं हे विचारलं नसतं.

बोगस बियाण्याशी याचा काही संबंध?

काडीचाही नाही. बोगस बियाणं म्हणजे फसवणूक, हे म्हणजे प्रयोगशाळेतली एक पद्धत. पण नावाचा फायदा घेणारे निघतात, म्हणून सांगते: रंगीत पाकिटात कोरडं 'कृत्रिम बियाणं' कोणी तुम्हाला विकत असेल, तर घेऊ नका. खरे मणी ओले असतात, निर्जंतुक बाटलीत किंवा डबीत बंद असतात आणि सहसा फ्रीजमधून बाहेर येतात. शेतकऱ्याला थेट विकायचा हा माल नव्हेच.

आत नेमकं काय असतं?

दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक कळला की पुढचं बरंच सोपं जातं.

पहिला प्रकार कायिक भ्रूणाचा. पानाच्या, खोडाच्या किंवा मुळाच्या साध्या पेशींना योग्य खुराक आणि संप्रेरकं दिली की काही झाडांत त्या पेशी थेट भ्रूणासारख्या वाढू लागतात. फूल नाही, परागकण नाही, तरी भ्रूण. त्याला दोन टोकं असतात: एकातून कोंब, दुसऱ्यातून मूळ. खऱ्या बियाण्याच्या सर्वांत जवळचा प्रकार हाच.

दुसरा प्रकार डोळ्याचा. उसाची एक डोळ्याची टिपरी लावता ना, तीच कल्पना, फक्त आकार तीन-चार मिलिमीटरचा. टिश्यू कल्चरच्या बाटलीत वाढलेल्या रोपाचं एक पेर कापायचं, त्यावरचा डोळा जेलीत बसवायचा. किंवा शेंड्याचं टोक घ्यायचं. हे करायला सोपं आणि बहुतेक झाडांत जमतं. अडचण एकच: डोळ्याला कोंब असतो, मुळाचं टोक नसतं. मूळ त्याला नव्यानं फोडावं लागतं. म्हणून मण्यातून हिरवं पान डोकावलं की विद्यार्थी टाळ्या वाजवतात, आणि मी म्हणते थांबा, मुळी दाखवा. फुटवा येणं वेगळं आणि मुळासकट रोप उभं राहणं वेगळं. कोणी 'आमची उगवण अमुक टक्के' असं सांगितलं की यांतलं काय मोजलं, हे आधी विचारून घ्या.

ही कल्पना कोणाची?

पाया घातला गाजरानं. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत स्टुअर्ड आणि जर्मनीत राइनर्ट यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की गाजराच्या साध्या पेशींपासून भ्रूण तयार होऊ शकतात. असे भ्रूण एकेक करून वेष्टनात घालावेत आणि बियाण्यासारखे वापरावेत, ही कल्पना १९७७ मध्ये तोशिओ मुराशिगे यांनी मांडली. टिश्यू कल्चरवाल्यांच्या तोंडी रोज असलेलं 'एमएस माध्यम', म्हणजे बाटलीतल्या रोपाचा खुराक, त्यांचंच. मुराशिगे आणि स्कूग यांनी ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. १९८२ मध्ये किट्टो आणि जॅनिक यांनी गाजराचे भ्रूण एका पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या थरात गुंडाळून सुकवून पाहिले. आज आपण वापरतो ती अल्जिनेटच्या, म्हणजे त्या शेवाळाच्या जेलीच्या, मण्यांची पद्धत रुळली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर, रेडनबॉ आणि सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांनी वापरलेलं पीक कोणतं, तर लसूणघास. आपल्या गोठ्यातली.

आता आपल्या घरची गोष्ट. डोळे मण्यात घालून रोपं उभी करण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव येतं. १९८७ मध्ये बापट, म्हात्रे आणि राव यांनी तुतीचे डोळे असे वेष्टित केले. १९८८ मध्ये बापट आणि राव यांनी चंदनाच्या कायिक भ्रूणांवर हेच केलं आणि १९९२ मध्ये त्याच केंद्रातून बसराई केळीच्या शेंड्यांवरचं काम प्रसिद्ध झालं. अणुशक्तीचं केंद्र केळी आणि चंदनावर काम करतं, हे ऐकून आमची पहिल्या वर्षाची मुलं अजून दचकतात.

मणी बनवतात कसे?

हातानं बुंदी पाडल्यासारखं, फक्त तुपाच्या जागी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी आणि प्रत्येक कळीत एक डोळा.

सोडियम अल्जिनेटची पूड ३ टक्के, म्हणजे १०० मिलीलिटरला ३ ग्रॅम, द्रव माध्यमात विरघळवतात. ती पटकन विरघळत नाही. एकदम टाकली की गोळे होतात, म्हणून स्टररवर, म्हणजे ढवळणाऱ्या यंत्रावर, चिमटीनं भुरभुरत टाकायची आणि तासन्‌तास फिरू द्यायची. मग ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून, काढायची. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइड: एका लिटरला १४.७ ग्रॅम, दोन रेणू पाणी असलेला क्षार धरून. पुढचं सगळं लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटासमोर, निर्जंतुक हवेत, हात स्पिरिटनं पुसून. डोळे अल्जिनेटमध्ये टाकायचे, मग तोंड थोडं कापलेल्या पिपेटनं थेंबाबरोबर एक डोळा उचलायचा आणि कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंब पाण्याला लागताच बाहेरून आवळू लागतो. २० ते ३० मिनिटं हलकं हलवत ठेवायचं, नंतर निर्जंतुक पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. मणी ४ ते ६ मिलिमीटरचा झाला की समाधान.

लिहायला सोपं आहे. पहिल्या वर्षी आमचं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं होतं आणि मी घाईत अल्जिनेट बोअरच्या पाण्यात कालवलं. सोलापूरचं बोअरचं पाणी म्हणजे काय, ते किटलीच्या तळाला जमणारा पांढरा थर सांगतो. अल्जिनेटला तेवढं कॅल्शियम पुरलं. थेंब पाडायच्या आधीच भांड्यात गुठळ्या, पिपेट तुंबलेलं, आणि दोन दिवस खपून कापलेले डोळे त्या लापशीत अडकलेले. पुढच्या खेपेला शुद्ध पाणी घेतलं, तरी द्रावण दाटच. मग डोक्यात प्रकाश पडला: नेहमीच्या एमएस माध्यमाच्या यादीतच कॅल्शियम क्लोराइड आहे! अल्जिनेट कालवायचं ते माध्यम कॅल्शियम वगळून बनवावं लागतं. पुस्तकात हे अर्ध्या ओळीत असतं, आणि ती अर्धी ओळ मी वाचलेली नव्हती.

दाटपणाचंही एक तंत्र आहे. अल्जिनेट १ टक्क्याच्या आसपास ठेवलं तर मणी लिबलिबीत होतो, चिमट्यानं धरला की फुटतो. ५ टक्क्यांकडे गेलात तर थेंबाला शेपटी येते, आणि घट्ट मण्यातून कोंबाला बाहेर पडता येत नाही. कॅल्शियमच्या पाण्यात विसरून राहिलेले मणीही असेच काचगोटीसारखे होतात. एकदा फोनवर बोलता बोलता तासभर गेला होता. त्या खेपेचे डोळे आतल्या आत पिवळे पडले.

ही जेली विषारी तर नाही? ती घट्ट कशामुळे होते?

अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. आइस्क्रीमला मऊपणा यायला ते घालतात, आणि दाताची कवळी बसवताना डॉक्टर तोंडात जो मऊ लगदा दाबून माप घेतात तोही अल्जिनेटचाच असतो. तेव्हा विषाची चिंता नको.

घट्ट होण्याचं कारण मुलांना मी अंड्यांचा ट्रे दाखवून सांगते. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांवर ठरावीक ठिकाणी खोबणी असतात. सोडियम तिथे सैल बसतो. कॅल्शियम आला की तो सोडियमला हटवतो आणि दोन साखळ्यांच्या खोबणींत एकदम बसतो, दोन ट्रेंच्या मध्ये अंडं बसावं तसा. अशी हजारो अंडी बसली की साखळ्या एकमेकींना पक्क्या धरतात. रसायनशास्त्रातही याला अंड्यांच्या खोक्याचंच नाव आहे, हे माझ्या पदरचं नव्हे.

मग शेतात थेट का पेरत नाहीत?

कारण सांगोल्याच्या माळावर एप्रिलच्या दुपारी तो मणी तासाभरात मनुका होईल. खऱ्या बियाण्याची साल शेकडो पिढ्यांच्या उन्हात घडलेली असते. हे जेलीचं फडकं पाणी धरतं तितक्याच सहज सोडतं.

दुसरं कारण साखर. शिदोरीत आपण साखर घालतो, कारण बाटलीतल्या कोंबाला अजून स्वतःचं अन्न नीट बनवता येत नाही. पण जमिनीत साखरेचा गोळा टाकणं म्हणजे बुरशीला आवतण. आमच्या एका विद्यार्थिनीनं हौसेनं काही मणी कुंडीतल्या साध्या मातीत लावले होते. चौथ्या दिवशी मातीवर पांढरी लोकर पसरली होती आणि कोंब कुठे होता ते सापडलंसुद्धा नाही. यावर उपाय म्हणून जेलीत बुरशीनाशक घालतात, साखर कमी करतात, मण्याला वरून दुसरा थर देतात, निर्जंतुक केलेल्या कोकोपीटमध्ये लावतात. काही झाडांत हे जमलं आहे. तरी रीत हीच: मणी आधी बाटलीत किंवा ट्रेमध्ये उगवायचा, रोप शेडनेटखाली दमट हवेत सरावायचं, मग शेत.

हजार किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेला रोपं पाठवायची असतील तेव्हा मात्र मण्याला तोड नाही. ५ मिलिमीटरचे हजार मणी सगळे मिळून साठ-सत्तर ग्रॅम भरतात. हजार गुटी कलमं न्यायला टेम्पो करावा लागतो.

डाळिंबाला याचा उपयोग काय? आमची बाग तेल्यानं गेली आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा आवाजात काकुळती असते, म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे डाळिंबाची भगवा जात लावायची तर गुटी कलम ही जुनी, खात्रीची आणि स्वस्त वाट. फांदीची साल गोल काढायची, मॉस गुंडाळायचं, प्लास्टिक बांधायचं आणि मुळ्या दिसल्या की कापून पिशवीत लावायचं. वाईट एवढंच की मातृझाडात जे असेल ते सगळं पोराला मिळतं. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, झँथोमोनास गटातला, आणि तो नुसत्या फळावर नसतो. फांदीवरच्या जखमांतही दडून राहतो. रोगट बागेतून आणलेली गुटी म्हणजे तेल्या विकत आणणं.

टिश्यू कल्चरमध्ये निरोगी मातृझाडापासून सुरुवात केली, मधल्या टप्प्यांत तपासण्या केल्या, तर स्वच्छ रोप मिळू शकतं. मणी ही त्याच्या पुढची पायरी: तपासून घेतलेल्या स्वच्छ रोपाचे डोळे जपून ठेवायचे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवायचे. डाळिंबाच्या पेरांवरचं असं काम भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यांचा हेतूही वाणांचं वाटप आणि देवाणघेवाण हाच होता.

आता कडू भाग. स्वच्छ रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. शेजारच्या बांधावर तेल्या असेल आणि वळीव सुटला, तर पाण्याच्या उडालेल्या थेंबांबरोबर तो तुमच्या टिश्यूच्या रोपावरही येणार. मर रोगाची बुरशी तर जमिनीत बसलेली असते. वरून कुठलंही रोप लावा. आणि जिवाणू पेशींच्या फटीत लपलेला राहिला, बाटलीत दिसलाच नाही, तर मण्याची जेली त्यालाही तितक्याच मायेनं गुंडाळते. शिदोरी दोघांना पुरते.

बाग काढून नव्यानं लावायचा विचार असेल तर मण्यांच्या मागे लागू नका. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. आपल्या जिल्ह्यात ते आहे हे आपलं नशीब. आधी तिथे जाऊन माती, जुनी मुळं आणि रोपांचा स्रोत यांबद्दल बोला.

केळीला?

करमाळ्याकडची, कंदरची मंडळी हे विचारतात. उजनीच्या काठची केळी बहुतेक ग्रँड नैनची, म्हणजे तुम्ही जिला जी-नाईन म्हणता ती, आणि रोपं टिश्यूचीच. तुम्ही शेतकरी म्हणून मणी पाहणार नाही. पाहिलाच तर तुमच्या रोपवाल्याचा पुरवठादार पाहील. केळीला चांगलं बी धरत नाही, मुनवे आणि कंद हाच वंश चालवायचा मार्ग, आणि त्यातून पर्णगुच्छासारखे विषाणू पुढे जातात. म्हणून जातींचे निरोगी शेंडे सांभाळून ठेवायला मणी कामाचे. मात्र केळी उष्ण हवेतली. फार थंडी तिला सोसत नाही, हे साठवताना विसरायचं नाही.

रोप घेताना विचारायचा प्रश्न निराळाच आहे. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणपत्र योजना २००६ पासून आहे. त्यात प्रयोगशाळेची मान्यता आणि रोपांची विषाणू तपासणी दोन्ही येतात. ते प्रमाणपत्र मागा. दाखवायला वेळ लावला तर दुसरीकडे जा.

हे जीएम आहे का?

नाही. बाहेरचं जनुक घातलेलं नसतं. जे झाड होतं त्याचाच डोळा. जीएम झाडाचा डोळा मण्यात घालता येईल, पण तसा तो लखोट्यातही घालता येईल.

सगळी रोपं मूळ झाडासारखीच निघतात?

डोळा किंवा शेंडा घेतला असेल तर बहुधा हो, कारण तो भाग आधीच जुळवून तयार असतो. कॅलसमधून, म्हणजे पेशींच्या बेशिस्त गोळ्यातून भ्रूण काढले असतील तर अधूनमधून वेगळं काही निघतं: पानं आखूड, झाड बुटकं, फळ उशिरा. पिढ्यामागून पिढ्या बाटलीतच वाढवत राहिलं की हा धोका वाढतो. माझा सल्ला साधा आहे, रोपवाल्याला विचारा, "डोळ्यापासून की कॅलसपासून?" त्याला प्रश्नच कळला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मणी किती दिवस टिकतात?

झाडागणिक वेगळं. साधारणपणे ४ अंश सेल्सिअसला, दमट ठेवून, काही आठवडे ते काही महिने. जितका उशीर, तितके कमी मणी उठतात. वीज जाणं हा आमच्याकडचा खरा शत्रू. मे महिन्यात फ्रीज पाच-सहा तास बंद राहिला तर मण्यांना घाम फुटतो आणि मलाही.

वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. गावाकडे जनावरांचे डॉक्टर येतात, मोटारसायकलला एक ॲल्युमिनियमचं भांडं बांधलेलं असतं, झाकण काढलं की पांढरा धूर निघतो आणि त्यातून रेतनाची कांडी काढतात. तेच भांडं. त्या थंडीत पेशीचा सगळा कारभार थांबतो. पण ओला मणी तसाच बुडवला तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याच्या सुया पेशी फाडतात. म्हणून आधी मणी दाट साखरेच्या पाण्यात मुरवतात, नंतर निर्जंतुक हवेत किंवा सिलिका जेलवर सुकवतात, आणि पाणी पुरेसं उतरलं की मगच नायट्रोजनमध्ये. मुरांब्याची फोड टिकते त्यातलं निम्मं शास्त्र इथे आहे. ही रीत १९९० मध्ये फाब्र आणि देरडर यांनी बटाट्याच्या कुळातल्या शेंड्यांवर दाखवली. जेली इथे खरी उपयोगी पडते: इवलासा शेंडा तिच्यामुळे हाताळता येतो आणि एकदम सुकत नाही.

ज्वारीचं असं बी करता येईल का?

करता येईल, पण कशाला? मंगळवेढ्याची मालदांडी कणगीत आणि मडक्यात टिकली ती तिचं बी कोरडं करून ठेवता येतं म्हणून. ज्याचं बी सुकवून साठवता येतं त्याला मण्याची गरज नाही. गरज असते ती तीन ठिकाणी. केळीसारखं बीच नसेल तर. डाळिंबासारखं बी असून त्यातून तीच जात येत नसेल तर. आणि आंबा-फणस-जांभळासारखं बी सुकलं की मरत असेल तर. आंब्याची कोय वर्षभर ठेवून लावून बघा, म्हणजे पटेल.

दुर्मिळ झाडं वाचवायला खरंच उपयोग होतो?

होतो, पण मर्यादेत, आणि ती मर्यादा सांगायला संकोच वाटायला नको.

खर्चुडीचं उदाहरण घ्या. कंदिलासारखं फूल, म्हणून तिला कंदीलपुष्पही म्हणतात. छोट्या माशा त्या फुलाच्या नळीत शिरतात, आतल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि परागकण घेऊन सुटतात. या कुळातल्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्रजाती जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. आणि गुराख्यांना तिचे कंद गोड लागतात. खणला कंद की झाड संपलं. अशा झाडाची मूठभर रोपं उरली असतील तेव्हा बियांची वाट पाहणं परवडत नाही. एका फांदीच्या काही पेरांपासून बाटलीत शेकडो डोळे करता येतात, मूळ झाड न उपटता. ते मण्यात घालून दोन-तीन ठिकाणी ठेवले, तर एका प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला म्हणून वंश बुडत नाही.

पण डोळे एकाच झाडाचे असतील, तर ती शेकडो रोपं म्हणजे एकाच व्यक्तीच्या शेकडो छायाप्रती. एक रोग आला की सगळी एकदम. म्हणून जितकी वेगवेगळी झाडं सापडतील तितक्यांचे डोळे घ्यावे लागतात आणि प्रत्येक मण्याचं कुळ वहीत लिहावं लागतं. आमच्याकडे एकदा डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन शाई पसरली. मणी शाबूत होते, पण कुठला कोणाचा ते कळेना. संवर्धनाच्या दृष्टीनं ते मणी गेल्यातच जमा. तेव्हापासून आम्ही पेन्सिलीनं लिहितो.

शिवाय बाटलीतलं रोप परत लावायला माळ हवा. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, त्यामुळे तिथला गवताळ माळ काही प्रमाणात तरी उरला. उरलेल्या जिल्ह्यात 'पडीक' असा शेरा बसला की जेसीबी येतो. गवत, त्या माशा, ती उथळ मुरमाड जमीन, यांतलं काहीच मण्यात घालता येत नाही.

चंदनाची रोपं अशी मिळतात का?

वर सांगितलेलं काम झालं आहे, तरी रोपवाटिकेत मिळतात ती बियांचीच. चंदन लावणार असाल तर मण्यापेक्षा शेजारी कोण आहे ते महत्त्वाचं: चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून काही अन्नपाणी घेतं. लहानपणी तुरीसारखा सोबती लागतो. एकटं लावलं की खुरटतं.

यात धंदा होईल का?

नुसत्या मण्यांचा नाही. एकेक डोळा कापून एकेक थेंब पाडणं हे हातकाम आहे. मजुरीच खर्च खाते. दिवसाला किती मणी होतात, ते पाडणाऱ्याच्या मानेला विचारा. टिश्यू कल्चरचा चालता व्यवसाय असेल, तर मातृसाठा जपायला आणि मागणी कमी असताना डोळे थांबवून ठेवायला मणी उपयोगी आहेत. शून्यातून सुरू करणाऱ्यानं आधी साधी रोपं, साधं शेडनेट, आणि मरतुक सांभाळायला शिकावं.

शाळेच्या प्रदर्शनात मुलाला करून दाखवता येईल का?

येईल, आणि छान दिसतं. खाण्याच्या दर्जाचं सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड ऑनलाइन मिळतं. टिश्यू कल्चर घरी जमणार नाही, म्हणून डोळ्याऐवजी मोहरीचा दाणा घ्या; सब्जा नको, तो स्वतःच फुगतो आणि काही कळत नाही. आर.ओ.च्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलीलिटरला २ ते ३ ग्रॅम अल्जिनेट, आदल्या रात्री कालवून ठेवलेलं. दुसऱ्या वाटीत १०० मिलीलिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. तोंड कापलेल्या ड्रॉपरनं दाण्यासकट थेंब सोडायचा, वीस मिनिटं थांबायचं, गाळणीत काढून धुवायचं. मणी ओल्या टिपकागदावर झाकून ठेवले की काही दिवसांत मोहरी जेली फोडून बाहेर येते. साखर मात्र घालू नका, मुंग्या येतात.

आणि अल्जिनेट नळाच्या पाण्यात कालवू नका. फोन येतात मला, "मॅडम, गुठळ्या झाल्या." मी पहिला प्रश्न विचारते, पाणी कुठलं?